सातबाऱ्याच्या गाण्याचं लग्न

भाग्यश्री कुरुडेचा आवाज पुण्याच्या निम्म्या हळदींमध्ये वाजून गेला होता. तिचं नाव मात्र कर्वेनगरातल्या तिच्या घरमालकिणीलाही ठाऊक नव्हतं. ती तिला "वरची मुलगी" म्हणायची, आणि गॅलरीतून पाणी सांडलं की "वरची बाई". दिवसा भाग्यश्री एका इंटरनेट कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये बसे. तिथे तिचं नाव प्रिया होतं, कारण "भाग्यश्री" ऐकून घेईपर्यंत ग्राहक आणखी चिडतो, असं तिथल्या साहेबांचं मत. संध्याकाळी ती कर्वेनगरातल्याच एका सोसायटीत आनंदच्या फ्लॅटवर गायला जाई. मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या, की पुण्यात त्याला स्टुडिओ म्हणतात. तिथे ती "मॅडम" होती.

आनंद मूळचा परभणीचा आणि माणूस मुळीच वाईट नव्हता. चहा वेळेवर पाजायचा, सूर घसरला तर चारचौघांत सांगायचा नाही. फक्त गळ्यात जाड साखळी घातलेला कुणी समोर आला की त्याचा कणा कुठल्या कुठे जायचा, आणि त्याची सगळी गिऱ्हाइकं गळ्यात जाड साखळी घालूनच यायची.

या धंद्याची रीत अशी होती, की गाण्यातला पुरुष मित्रमंडळींसह रविवारी यायचा, बिर्याणी मागवायचा, दिवसभर गायचा. गाण्यातली बाई मधल्या वारी एकटीच यायची, आपल्या चार ओळी गाऊन, आपला डबा उचलून निघून जायची. आपण कुणाच्या जोडीनं गायलो हे भाग्यश्रीला गाणं बाहेर आल्यावर कळे. त्या जोडीदाराला तर तेवढंही कळत नसे. मग व्हिडिओत कुणीतरी गोरीपान मुलगी तिच्या आवाजावर ओठ हलवी, आणि खाली नावांची रांग लागे: नायक, संकल्पना, ड्रोन, गाडी सौजन्य. एकदा तर ज्या गोठ्यात चित्रण झालं त्या गोठ्याचेही विशेष आभार होते. गाणारीचं नाव नव्हतं.

"मॅडम, ही लाइनच अशी आहे," आनंद समजावे. "गाणारीचं नाव टाकलं की लोक विचारतात ती व्हिडिओत का नाही. मग व्हिडिओतली रुसते."

"आणि मी रुसले तर?"

"तुम्ही समजूतदार आहात," आनंद म्हणे. समजूतदार या शब्दानं बायकांचं जेवढं नुकसान झालंय तेवढं शिवीनं झालं नसेल.

भाग्यश्रीनं तेही चालवून घेतलं असतं, पण गावाकडे तिची आई होती. यमुनाबाईंनी हिंगोलीत सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की पोरगी गाते, तिची गाणी मोबाइलवर येतात. एका दुपारी गल्लीतल्या बायकांना गोळा करून त्यांनी एक गाणं शेवटपर्यंत दाखवलं. नावं सरली, पडदा काळा झाला, भाग्यश्री काही आली नाही. तेव्हा समोरच्या शर्मिलाबाईंनी अगदी मायेनं विचारलं, "पोरगी पुण्यात नेमकं काय करते हो?"

त्या दिवसापासून यमुनाबाईंनी गाण्याचा विषय काढणं सोडलं. शेवटी फोनवर म्हणाल्या, "हे बघ बाई, यंदाच्या गाण्यात नाव आलं तर आलं. नाही आलं तर ते गाणं सोड. लोकाईच्या तोंडाला मी किती दिवस पुरायचं?"

"यंदा नक्की येईल," भाग्यश्री म्हणाली. आनंदनं तसा शब्दच दिला होता.

यंदाचं गाणं ऋषीशेठचं होतं. ऋषीशेठ म्हणजे सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, शहरात ओढल्या गेलेल्या एका गावातल्या मच्छिंद्रशेठचा एकुलता एक मुलगा. आजोबांच्या ज्वारीच्या रानात आता उंच इमारती उभ्या होत्या आणि ऋषीकडे गाडी, गॉगल, बैल आणि मोकळा वेळ होता. लग्न ठरत नव्हतं. तेव्हा त्यानं रॅपर व्हायचं ठरवलं. गाण्याचे शब्दही त्याचेच:

गाडी माझी काळी आन् गॉगल माझा काळा,
तुझ्या रूपाचा सातबारा माझ्या नावावर केला.

यावर बाईनं लाडात येऊन म्हणायचं होतं, "घ्या लिहून घ्या, राया, मला लिहून घ्या." एवढंच, पण पुन्हा पुन्हा.

"आनंद, ही मुलगी आहे की प्लॉट?" भाग्यश्रीनं हेडफोन काढून विचारलं होतं.

"मॅडम, कॉन्सेप्ट आहे त्यांचा."

"निदान शेवटी तिनं एकदा म्हणावं, की सातबारा माझाच राहू द्या. चालीत बसतंय."

"त्यांना निगेटिव्ह नको आहे," आनंद म्हणाला. "आवाजात जरा अजून हवा सोडा."

तिनं हवा सोडली. नाव येणार होतं ना. शिवाय चाल खरंच गोड होती, आणि गोड चालीपुढे भाग्यश्रीचा स्त्रीवाद, स्वाभिमान वगैरे सगळं जरा वेळ बाहेर जाऊन उभं राही. याचा तिला रागही येई. पण तो घरी गेल्यावर.

आता मच्छिंद्रशेठची गोष्ट. मुलाच्या लग्नासाठी त्यांनी मनात किती वर्षं मांडव घालून ठेवला होता. लग्न काही होईना, तेव्हा त्यांनी तो मांडव गाण्यालाच घातला. गाण्याच्या प्रकाशनासाठी रविवारी सकाळचं मंगल कार्यालय घेतलं. पत्रिका छापली, ती लग्नाच्याच छापखान्यात, म्हणून वर गणपती आणि खाली "आहेर आणू नये" तसंच राहिलं. फेटे आले, सनई आली, मटणाच्या पंगती ठरल्या. ऋषीनं उघड्या गाडीतून वाजतगाजत यायचं, दारात औक्षण, मग आत मोठ्या पडद्यावर गाणं, मग जेवण. सगळं मोबाइलवरून थेट दाखवायचं.

भाग्यश्रीनं सकाळीच आईला त्याची लिंक पाठवली. "बघ, आज नाव येईल." मग ठेवणीतली साडी नेसून ती रिक्षानं निघाली.

कार्यालयाच्या फाटकावर दुमजली उंचीचा फ्लेक्स होता. मधोमध ऋषीशेठ, शेजारी व्हिडिओतली मॉडेल, आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांचा सडा. ती उन्हात उभी राहून नावं वाचत गेली. जिमचा मास्तर होता. पाण्याचे टँकरवाले दोघे भाऊ होते. ड्रायव्हर सुखदेव होता. शर्यतीचा बैल होता, त्याच्या फोटोखाली "सुलतान" असं ठसठशीत लिहिलेलं. गाणारी नव्हती. बैलानं तर गाण्यात हंबरडासुद्धा फोडला नव्हता.

आनंद आत लॅपटॉपपाशी घाम पुसत होता.

"फ्लेक्सवर जागा संपली," तो तिला बघताच म्हणाला.

"आणि व्हिडिओत?"

आनंदनं लॅपटॉपची एक वायर उगीचच काढून परत लावली. "मॅडम, मी तुमचं नाव टाकलं होतं. खरंच टाकलं होतं. काल शेठ म्हणाले, हे कोण? मी म्हटलं, गाणाऱ्या. ते म्हणाले, मग जिनं नाच केला ती काय फुकट नाचली का? काढा. मी काढलं."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"बोललो की. म्हटलं, बरं."

भाग्यश्री बायकांच्या बाजूला जाऊन मागच्या खुर्चीवर बसली. तिला मोठ्यानं रडायचं होतं, पण समोर सनई चालू होती आणि सनईपुढे रडणारी बाई म्हणजे नवरीकडची, असा समज व्हायला वेळ लागत नाही. हिंगोलीत आता सगळी गल्ली मोबाइलवर वाकून बसली असणार, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. आई शर्मिलाबाईंनाही बोलावणार, हे तिला माहीत होतं.

शेजारी एक जाडजूड, हिरव्या लुगड्यातल्या बाई हातात औक्षणाचं ताट घेऊन बसल्या होत्या. या मैनाआत्या, मच्छिंद्रशेठच्या थोरल्या बहीण. मार्केट यार्डात त्यांचा कांद्याचा गाळा होता. नवरा गेल्यावर तो त्यांनी एकटीनं चालवला, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही चार गाळ्यांपलीकडे ऐकू जाई. पडद्यावर गाण्याचा तुकडा पुन्हा पुन्हा दाखवत होते.

"पोरगी नाचतीया झ्याक," मैनाआत्या म्हणाल्या. "गळा बी ग्वाड हाय तिचा."

"गळा माझा आहे," भाग्यश्रीच्या तोंडून निघून गेलं.

आत्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "म्हंजे?"

"ती फक्त ओठ हलवते. गायलेय मी."

"म्हन बघू."

भाग्यश्रीनं हळूच ती ओळ गुणगुणली. आवाजात थोडी हवाही सोडली, सवयीनं. पुढच्या रांगेतल्या दोघींनी वळून बघितलं.

"अगं बया," मैनाआत्या म्हणाल्या. "तूच की. मग तुजं नाव कुठं हाय?"

"नाही."

"नाय म्हंजे? त्या टँकरवाल्याचं हाय. बैलाचं हाय."

"बैलाचं बघितलं मी," भाग्यश्री म्हणाली. आणि मग कुणी ओळखीचं नसताना सगळं बोलता येतं तसं तिनं बोलून टाकलं: आईचं, शर्मिलाबाईंचं, दिलेल्या शब्दाचं. आत्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी ताटातला पेढा उचलून तिच्या हातावर ठेवला आणि "खा" एवढंच म्हणाल्या.

बाहेर ढोल कडाडले. ऋषीशेठ आले होते. मैनाआत्या उठल्या. "चल माज्यासंगं," त्या म्हणाल्या.

दारात ऋषी उतरला. पांढरा जोधपुरी, काळा गॉगल, डोक्यावर लाल फेटा. मागे मच्छिंद्रशेठ, त्यांच्यामागे दोनशे लोकांची भूक. मोबाइल धरलेला माणूस उलटा चालत सगळं थेट दाखवत होता. मैनाआत्यांनी ओवाळलं, टिळा लावला, पेढा भरवला. आणि मग ताट बाजूच्या बाईकडे देऊन त्या दोन्ही हात पसरून दारात उभ्या राहिल्या.

"आक्का, सर की," मच्छिंद्रशेठ म्हणाले.

"का सरू? लग्नात आत्यानं दार अडवायचं आसतं. मानाची हाय मी. नाव घेतल्याबिगर आत सोडायची नाय."

लोक हसले. ऋषीही हसला. "आत्या, लग्न कुठं झालंय माझं?"

"मंग ह्यो मांडव कसला? पत्रिका कसली? गाण्याचं लगीन लावलंया ना तुझ्या बापानं? मंग गाण्यात जी तुझ्या जोडीला गायली, तिचं नाव घे."

बायका खुर्च्या सोडून दाराशी आल्या. पुण्यातल्या बायका सनईला उठत नाहीत, आरतीला उठतात आणि नाव घ्यायचं म्हटलं की हमखास उठतात. मोबाइलवाला जवळ सरकला. ऋषीनं खुशीत मॉडेलचं नाव घेतलं.

"ती नाचली," आत्या म्हणाल्या. "गायलं कुनी?"

ऋषीनं गॉगल काढला. डोळे गॉगलपेक्षा बरेच साधे होते. त्यानं बापाकडे बघितलं. बापानं दाराशी आलेल्या आनंदकडे. आनंदनं लॅपटॉपकडे.

"ए आनंद," ऋषी हलक्या आवाजात म्हणाला, "काय रे नाव त्यांचं?"

आणि इथे आनंदचा कणा नेहमीच्या ठिकाणी गेला. नाव त्याला पाठ होतं, काल स्वतःच्या हातानं खोडलं होतं, पण मच्छिंद्रशेठ बघत असताना ते तोंडातून निघेना. त्यानं घाईघाईनं मोबाइलमधला तिचा नंबर काढला आणि मोबाइलच ऋषीच्या हातात दिला. ऋषी शेवटी रॅपर माणूस. मोबाइलवर अक्षरं दिसली आणि यमक सुचलं, मग काय वाचतोय ते बघायला तो थांबलाच नाही. माइक तोंडाशी धरून त्यानं खणखणीत आवाजात उखाणा घेतला:

"काळ्या काळ्या गाडीला पांढरं सीट कव्हर,
माझ्यासंगं गायली फीमेल व्होकल कर्वेनगर."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागून एक मुलगी फिसकन हसली आणि सगळा मांडव हसण्यानं फुटला. ऋषीचे कान फेट्याच्या रंगाचे झाले. आनंद वाकून जमिनीवर काहीतरी शोधू लागला. भाग्यश्रीलाही हसू आलं, आणि त्याच हसण्यात डोळेही भरले. इतकी वर्षं त्या गाद्यांच्या खोलीत चहा प्यायली, आणि आनंदच्या फोनमध्ये ती एवढीच होती. कात्रजची असती तर कात्रज.

मैनाआत्या मात्र हसल्या नाहीत. "हे काय बाईचं नाव हाय? का यष्टीची पाटी?"

"आक्का, मटण गार होतंय," मच्छिंद्रशेठ म्हणाले. "एका नावापायी एवढं काय?"

"व्हय. मी बी आसंच म्हनलं व्हतं." आत्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, म्हणजे आता तो फक्त कार्यालयात ऐकू जात होता. "आबा गेल्यावर तू कागद आनलास. हक्कसोड. म्हनलास, आक्का, सही कर, एका नावानं काय व्हतंय. म्या म्हनलं, काय व्हतंय, भावाला कशाला दुखवा. सातबाऱ्यावरनं माजं नाव गेलं. त्याच रानावर टावर झाले, त्याच टावरवर ही गाडी आन् ह्यो गॉगल आला. आन् आता ह्यो गातोय बाईचा सातबारा नावावर केला म्हनून. खरंच गातोय की. खोटं काय हाय त्यात?"

सनईवाल्यानं सनई खाली घेतली. मच्छिंद्रशेठ आपल्या नव्या कोल्हापुरीकडे बघत राहिले. बहिणीनं दिलेलं बहिणीनं कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि आज दाखवलं ते थेट प्रक्षेपणात.

"रान मागत नाय मी," आत्या म्हणाल्या. "आज नाय मागत. पर हिचं नाव त्या पडद्यावर आल्याबिगर ह्या दारातनं एक मानूस आत जायाचा नाय. जेवायला बी नाय."

शेवटचं वाक्य कामी आलं. मागची गर्दी एकमुखानं म्हणू लागली, "अहो शेठ, टाका की नाव." टँकरवाला म्हणाला, "माझं काढा वाटलं तर." जिमचा मास्तर मात्र गप्प होता.

"टाक रे," मच्छिंद्रशेठ जमिनीकडे बघतच म्हणाले. आनंद लॅपटॉपकडे असा धावला, की वायरीत पाय अडकून पडता पडता वाचला.

"थांब," मैनाआत्या म्हणाल्या. त्यांनी ऋषीच्या हातातला माइक घेतला आणि भाग्यश्रीपुढे धरला. "ह्या समद्यांनी तुजं नाव घालवलंय. आता तूच घे."

दुसऱ्याच्या नावानं बोलायची भाग्यश्रीला सवय होती, दुसऱ्याच्या तोंडातून गायची तर त्याहून जास्त. समोर मोबाइल होता आणि त्याच्या पलीकडे कयाधू नदीवरची हिंगोली होती. तिनं डोळे मिटले, आवाजात जराही हवा न सोडता म्हणाली:

"कयाधूच्या काठची मी, पुण्यात गाते गाणी,
भाग्यश्रीचं नाव घेते भाग्यश्रीची वाणी."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या पडद्यावर आनंदनं टाइप केलेली अक्षरं एकेक करून उमटली, "गायिका: भाग्यश्री कुरुडे", आणि ती ऋषीशेठच्या नावाच्या वर उमटली, कारण घाईत त्याला खाली जागा सापडली नाही. ऋषीनं बघितलं, काहीतरी म्हणणार होता, पण आत्यांचे हात अजून खाली आले नव्हते. तो भाग्यश्रीकडे वळून म्हणाला, "सॉरी हां. मला खरंच माहीत नव्हतं. गाणं पण चांगलं आहे तुमचं."

"तुमचंही बरं आहे," भाग्यश्री म्हणाली. पुण्यात राहून एवढं तरी ती शिकली होती.

पंगत बसली. आत्यांनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि वाढप्याला दोनदा परत बोलावलं. पहिलाच घास तोंडात होता तेव्हा फोन वाजला. आईचा होता. पलीकडे बायकांचा नुसता कालवा.

"भागे," यमुनाबाई म्हणाल्या, आवाज रडवेला. "आम्हाला न कळवता लगीन केलंस?"

घास घशात अडकला. "कुणाचं लग्न, आई?"

"सगळ्यांनी बघितलं बाई. मांडव, फेटे, सनई, दार अडवलेलं. आत्तेसासू चांगली दिसायली. पण पोरगा कसा केलास गं? बायकोचं नाव घे म्हणलं तर काहीतरी गाडीचं बोलायलता. शर्मिलाबाई म्हणायल्यात, नाव सुद्धा माहीत नाही त्याला तुझं."

भाग्यश्रीला ठसका लागला. मैनाआत्यांनी पाठीवर एक थाप दिली, ती कांद्याचं पोतं उतरवण्याच्या अंदाजानं. "आई, लग्न नाही गं. गाण्याचा कार्यक्रम होता. तो गाण्यातला माणूस. माझा कुणी नाही."

"मग तू नाव घेतलंस ते?"

"माझं घेतलं."

"स्वतःचं?"

"हो. आणि पडद्यावर पण आलं. बघितलंस ना?"

पलीकडचा कालवा थांबला. यमुनाबाईंनी स्वतः आयुष्यभर नवऱ्याचं नाव घेतलं होतं, हळदीकुंकवाला, बारशाला, संक्रांतीला, तो जाईपर्यंत. स्वतःचं असं कधी घ्यायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही लेकीला कधी शिकवलं नव्हतं.

"बघितलं," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तेव्हा मी रडायलते, नीट ऐकू आलं नाही. फोन स्पीकरवर टाकते. आणखी एकदा घे. अन् जरा मोठ्यानं घे, शर्मिलाबाई मागं बसल्यात."